पिन बसली म्हणजे झालं

माझा भाचा न्यू जर्सीहून ठाण्यातल्या नौपाड्यात उतरला तो गिटारचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प घेऊन. २३ किलोच्या बॅगेतले १६ किलो त्या डब्यानेच खाल्ले, त्यामुळे ताईने बदाम, चॉकलेटं आणि घरातल्या बायकांची क्रीमं पुढच्या खेपेवर ढकलली. आमच्याकडे तो डबा आजही 'बदामखाऊ' म्हणून ओळखला जातो.

"मामा, खरा व्हॉल्व्हचा आहे," भाचा म्हणाला. मी पन्नाशीत गिटार शिकायला घेतलेली आणि कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर माझं वादन जाहीर होऊन बसलेलं. व्हॉल्व्ह म्हणजे आत पेटणाऱ्या काचेच्या नळ्या; ते ऐकून मला आजोबांचा रेडिओ आठवला आणि ऊर भरून आला.

अमेरिकन पिनेला दोन चपट्या पात्या आणि एक गोल दांडी. आपल्या भिंतीत तीन गोल भोकं. गोखले रोडवरच्या दुकानदाराने अ‍ॅडाप्टर चढवून दाखवला. "बसतंय ना साहेब? मग झालं!" भाच्यालाही ते पटलं, कारण त्याचा लॅपटॉप सकाळपासून आमच्याच भिंतीवर सुखाने चार्ज होत होता. त्या चार्जरवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत '१००-२४० व्होल्ट' लिहिलेलं असतं, आणि डब्याच्या पाठीवर नुसतं '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ'. मला ते चष्म्याशिवाय दिसत नाही. त्याला दिसतं, पण त्याने बघितलं नाही.

मी बटण दाबलं. आतल्या काचेच्या नळ्या झगझगीत पेटल्या. "अगंबाई, आत देव्हारा आहे का?" बायकोने विचारलं, तोच 'टप्' झालं आणि देव्हारा विझला.

नशिबाने गेला तो फक्त फ्यूज. बोटाच्या पेराएवढी काचनळी, आतून काजळलेली. तळमजल्यावरचे काका जन्मभर विजेतच नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी ती उजेडात धरली. "विजेचा दाब दुप्पट की उष्णता चौपट. ह्या फ्यूजच्या पाया पड." सेक्रेटरींनी फ्रिजचा स्टॅबिलायझर लावायला सांगितलं. तो बिचारा विजेला २३०च्या आसपासच आणून ठेवतो, म्हणजे डब्याला नेमकं नको तेच. काका पुढे रेल्वेवर गेले. ते नेहमीच जातात. "मुंबईत १९२५ साली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. २५,००० एसीवर जाताना रेल्वेला मधली काही वर्षं दोन्हींवर चालणाऱ्या लोकल ठेवाव्या लागल्या. आणि तू एका अ‍ॅडाप्टरवर अमेरिका ओलांडायला निघालास!"

मग व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यायला वागळे इस्टेट. एका गाळ्यात वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं, आणि त्यांच्यामध्ये मांडी घालून बसलेला वाइंडिंगवाला.

"किती वॅटचा?"

"पंधरा."

"पंधरा तर आवाज झाला. खातो किती?"

हा प्रश्न मला आवडला. काही माणसांबद्दलही विचारता येईल. पाठीवरच्या पट्टीवर ८० वॅट निघाले. "मग ३०० व्हीए ताकदीचा घ्या, थंड राहील. पण साठ हर्ट्झ तुम्हाला माझ्याकडे मिळणार नाहीत. व्होल्ट उतरतील, हर्ट्झ पन्नासच राहतील. साठसाठी बांधलेलं लोखंड पन्नासवर जास्त तापतं. फार वेळ वाजवू नका." सोसायटीने हे वाक्य ऐकलं असतं तर त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला असता.

"ऑटो देऊ की आयसोलेशन?"

आम्ही ठाणेकर रिक्षाला रिक्षाच म्हणतो, त्यामुळे मी काही क्षण गोंधळलो. ऑटोमध्ये एकच वेटोळं, त्यातूनच मधे तार काढून ११० घ्यायचे. आयसोलेशनमध्ये दोन वेटोळी वेगळी, म्हणून तांबं जास्त, वजन जास्त, पैसे जास्त. मी मराठी माणसाला शोभेल तो निर्णय घेतला. "ऑटो नेताय, तर अर्थिंग सोडू नका हं!" तो मागून ओरडला. मी तोवर रिक्षात होतो.

कोजागिरीची रात्र. कढईत दूध आटतंय, चंद्र बरोबर टाकीच्या वर. गच्चीवर आलेला एक्स्टेंशन बोर्ड निघाला दोन पिनांचा. ट्रान्सफॉर्मरला तीन, तिसरी अर्थिंगची. मंडपवाल्याच्या पोराने खिशातून तीनाचे दोन करणारा एक पांढरा तुकडा काढून मध्ये खुपसला. "बसतंय काका."

बसलं. नळ्या यावेळी शहाण्यासारख्या मंद पेटल्या. स्पीकरमधून भुंग्यासारखी घूं ऐकू आली. "पन्नास हर्ट्झ," काकांनी खुर्चीतूनच निदान केलं. "अर्थिंग कुठाय रे?" पण तोवर मी सुरू झालो होतो. दोन गाणी धरून वाजवली. टाळ्या पडल्या, त्यात बायकोचीही एक होती. मग आभार मानायला, तारांवर डावा हात तसाच ठेवून, मंडपवाल्याच्या माइकला तोंड लावलं. तो माइक मात्र व्यवस्थित अर्थ केलेला होता.

मिशीत ठिणगी पडली. "आई गं!" हे माझ्या तोंडून इतकं सुरात निघालं की पहिल्या रांगेतून 'वन्स मोअर' आला.