पंचवीस किलोचा हमाल, अर्धी भाकरी

गाडी मुलासाठी घेतली, असं घरी सांगितलं होतं. मुलाने पहिल्याच संध्याकाळी "बाबा, ही पळतच नाही" म्हणून रिमोट परत केला. खरंच होतं त्याचं. रॉक क्रॉलर पळत नाही. ती सरपटते, दगडाला बिलगते, जरा विचार करते आणि मग चढते. चाळिशीनंतर माणसाला जवळची वाटावी अशी गाडी आहे ती.

खऱ्या जीपच्या एक दशांश आकाराची, मऊ टायरांची, आणि पुढची चाकं वळवायला एक सर्व्हो, म्हणजे आत छोटी मोटर असलेलं यंत्र. गाडीबरोबर आलेला सर्व्हो अशक्त, म्हणून मी २५ किलोचा मागवला.

"पंचवीस किलो? मग गव्हाचं पोतं माळ्यावर टाकायला लावा त्याला," बायको म्हणाली.

मी समजावलं, की हे किलो-सेंटिमीटर असतं. सर्व्होच्या दांड्याच्या मध्यापासून एक सेंटिमीटरवर २५ किलोचा जोर, अडीच सेंटिमीटरवर १०चाच.

"म्हणजे जितक्या लांबून काम सांगाल तितका जोर कमी," ती म्हणाली आणि उगाचच माझ्याकडे बघत राहिली.

घरी टेबलावर चाकं हवेत धरून झकास फिरत होती. रविवारी पहाटे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, खाणीच्या बाजूला गेलो. तिथला काळा बेसॉल्ट कोणाचे लाड करत नाही. पहिल्याच फटीत पुढचं चाक अडकलं. मी स्टिअरिंग फिरवलं. सर्व्हो एकदा कण्हला, रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरचा दिवा विझला, गाडी ठप्प. दोन सेकंदांनी दिवा परत लागला. परत फिरवलं, परत अंधार.

"काय हो, चार्जिंग संपलं?" रोज फिरायला येणारे एक आजोबा काठी टेकून उभे राहिले.

"नाही, बॅटरी फुल्ल आहे."

"मग वस्तूच तशी असेल," असा निकाल देऊन ते निघून गेले.

बॅटरी खरोखर भरलेली होती. थ्री-एस लिपो, म्हणजे तीन सेलची लिथियम बॅटरी, मीटरवर १२.६ व्होल्ट. पण गंमत अशी, की सर्व्होच्या ताटात ते येतच नाहीत. मोटरचा वेग सांभाळणारी जी डबी असते, ईएससी, तिच्या पोटात बीईसी नावाचा एक छोटा वाढपी बसलेला असतो. तो ६ व्होल्ट वाढतो आणि फार तर २ अँपिअर. त्यातच रिसीव्हरने जेवायचं आणि त्यातच सर्व्होने. चाक हवेत असताना सर्व्होला चतकोर पुरते. अडकलं, की आतली मोटर फिरायची थांबते. फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब निर्माण करून करंटला आवर घालत असते, तो आवर सुटतो आणि सर्व्हो मागेल तेवढं ओढायला लागतो. माझ्या सर्व्होच्या कागदावर हा आकडा तीन अँपिअरच्या वर छापला होता. मी तो घरी आल्यावर वाचला. व्होल्टेज बसतं, रिसीव्हरला भोवळ येते, सगळं बंद. हमाल ठेवला पंचवीस किलोचा आणि ठेवला अर्ध्या भाकरीवर.

आधी स्वस्तातला इलाज, म्हणजे रिसीव्हरवर एक मोठा कपॅसिटर, थोडी वीज साठवून ठेवणारा. शेजारून वाटीभर साखर आणून पंगत उठते का? क्षणभराच्या झटक्याला तो पुरतो. अडकलेलं चाक तेवढ्यात सुटत नाही.

शेवटी तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "व्होल्ट राहू द्या, अँपिअर किती लागतात?" आणि १० अँपिअरचा वेगळा बीईसी काढून दिला. "बॅटरीवरून थेट घ्या. लाल आणि काळी सर्व्होला, रिसीव्हरकडे फक्त सिग्नलची तार. ह्याची लाल रिसीव्हरला लावू नका, दोन वाढपी भांडतात."

रात्री सोल्डरिंग गन घेऊन बसलो. जोड इतका सुंदर जमला, की फोटो काढला. मग जोड झाकायची स्लीव्ह टेबलावरच राहिलेली दिसली. जोड उकलला, स्लीव्ह ओवली, परत जोडला. चांगली बॅटरी बिघडायला नको म्हणून नव्या बीईसीला चाचणीपुरती जुनी बॅटरी लावली, आणि सर्व्हो अंगात आल्यासारखा थडथडायला लागला.

"टेकडीवरून काही घेऊन आलात की काय?" आई दारातून म्हणाली. नाव वेताळ टेकडी, त्यामुळे मला ठाम नाही म्हणता येईना.

तासाभराने उजेड पडला. दोन बॅटऱ्या वेगवेगळ्या, त्यांच्या काळ्या तारांची एकमेकींशी ओळखच नाही. रिसीव्हर सिग्नल देतोय, पण तो कशाच्या तुलनेत मोजायचा हे सर्व्होला कळणार कसं? दोन्ही एकाच बॅटरीवर घेतल्यावर भूत उतरलं. बीईसी ७.४ व्होल्टवर ठेवला. सर्व्होला तेवढे चालतात, हे या वेळी आधी वाचलं.

पुढच्या रविवारी तीच खाण, तीच फट. स्टिअरिंग फिरवलं. दिवा स्थिर. सर्व्होने पोटभर जेवलेल्या माणसासारखा हुंकार दिला, चाक दगडाला रेटू लागलं, दगड हलला, आणि कट्ट! सर्व्होचा दांडा मजेत फिरतोय, चाकं जागच्या जागी. दांड्यावर बसून चाकांना ओढणारा जो हात असतो, त्याला हॉर्न म्हणतात. माझा प्लॅस्टिकचा होता, त्याचे आतले दाते साफ झाले होते.

काठी टेकत आजोबा आले. "आज काय?"

"करंट आला. आता हॉर्न गेला."

"जाऊ द्या हो," ते म्हणाले, "टेकडीवर कोणाला वाजवायचाय?"