म की भ?

गौरी जेवायच्या आदल्या दिवशी माळ्यावरून चांदीचं तबक उतरतं आणि त्याच्यासोबत भांडणही. तबक ६० तोळ्यांचं, म्हणजे ७०० ग्रॅमच्या आसपास. भांडणाचं वजन अजून कुणी केलेलं नाही.

समोर मोर, कडेनं वेलबुट्टी आणि पाठीवर ठिपके ठोकून घातलेलं नाव: र. ग. म. हे आमचे आजेसासरे. पण त्यांच्या बहिणीचं नावही र वरून, तिला नवरा नेमका ग वरचा मिळाला आणि सासरचं आडनाव भ वरून. म ची डोक्यावरची रेघ सलग, भ ची तुटकी. म्हणजे तीन-चार ठिपके आहेत म्हटलं तर तबक आमचं, नाहीत म्हटलं तर त्यांच्या लेकीचं. या आमच्या आत्या, सासऱ्यांच्या आतेबहीण. दरवर्षी गौरी-जेवायला येतात, दोन चष्मे घेऊन.

हक्क सांगणारी माणसं अकरा. घासणारी मी एकटी.

"रांगोळीनं घासू नकोस, रेघ झिजते," सासूबाई म्हणतात.

"झिजायला मुळात असावी लागते," इति आत्या.

यंदा घासलंच नाही. परातीत ॲल्युमिनियमची फॉइल अंथरली, वर तबक, खायचा सोडा, मीठ आणि उकळतं पाणी. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. ते गंधक ॲल्युमिनियम ओढून घेतं आणि चांदी जागच्या जागी राहते. फक्त वास येतो. सडक्या अंड्याचा. पुरणाची डाळ निवडणाऱ्या सासूबाई ताडकन उठल्या. "चाळीस वर्षांत या घरात अंडं आलं नाही, ते आज, गौरींच्या तोंडावर?"

तबक मात्र असं निघालं की मोराची पिसं मोजून घ्यावीत. कौतुकानं उलटं केलं आणि माझ्या पोटात गोळा आला. इतकी वर्षं ठिपक्यांत साचलेला काळेपणा होता म्हणून तर अक्षरं वाचता यायची! आता म नाही, भ नाही. तिथं माझंच तोंड दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी तबक खिडकीशी नेलं. तिरकं धरलं, चष्मा बदलला, अंगठा फिरवला.

"कुणी केलं हे?"

दोन्ही घरांची बोटं पहिल्यांदाच एका दिशेला वळली.

"राहू द्या, वन्सं," सासूबाई म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत पडेल काळं. मग बघू."

"मग फडक्यात गुंडाळू नका गं," आत्या म्हणाल्या. "उघडंच ठेवा. लवकर पडेल."