‘जेवत नाही म्हणून खंगतो’ हे अर्धंच खरं

जळगाव-धुळ्याकडे मोबाइलवर फिरणारा सल्ला असा: ‘कॅन्सरचा पेशंट जेवत नाही म्हणून खंगतो. बळजबरीने भरवा, नाहीतर सलाईन लावा. साखर तोडा. मॉर्फिनने (तीव्र वेदनांवरच्या औषधाने) मळमळतं, ते घेऊच नका.’

‘बळजबरीने भरवा.’ आजार पुढे गेला की शरीरातली दाहकारक रसायनं भूकही मारतात आणि स्नायूही झिजवतात. नुसतं जास्त भरवून ती झीज थांबत नाही. आग्रहाने उलटी होते, मग ताट दिसलं तरी धास्ती वाटते. यात घरच्यांची कसूर नसते, पेशंटचा हट्टही नसतो. दोन-अडीच तासांनी वाटीभर द्या: मऊ खिचडी, गार दहीभात, दह्यात कुस्करलेलं केळं. गरम अन्नाचा वास जास्त सुटतो. काळ्या मसाल्याची फोडणी द्यायची तर त्यांच्या खोलीचं दार लावून घ्या.

‘सलाईनने ताकद येते.’ ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या) एक लिटर सलाईनमध्ये साखर ५० ग्रॅम, म्हणजे कॅलरी १७० ते २००. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) एक लहान भाकरी तेवढं देते. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर सलाईन जरूर लावावं. पायावर सूज किंवा छातीत पाणी असेल तर त्यानेच धाप वाढू शकते.

‘साखर तोडा.’ चहातली साखर काढल्याने गाठ आटत नाही. डायबिटीस असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा.

‘मॉर्फिन नको.’ सुरुवातीची मळमळ बहुतेकांची आठवडाभरात ओसरते. पुढेही राहिली तर आधी शौच साफ होते का ते विचारा, मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं. मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून शौच साफ करणारं औषध, सेना किंवा बिसाकोडिल, हवंच. ते लिहून दिलं नसेल तर मागून घ्या.

या सल्ल्यात मळमळीचं कारण शोधा असं कुठेच नाही, आणि खरं काम तेच आहे. जिभेवर पांढरा थर असेल तर बुरशीचं औषध लागतं. फार तहान, गुंगी, बद्धकोष्ठ एकत्र दिसलं तर रक्तातलं कॅल्शियम तपासावं. सकाळी डोकं दुखून उलटी होत असेल तर मेंदूकडे बघावं लागतं. दोन घासांत पोट भरत असेल तर डॉक्टर जेवणाआधी अर्धा तास मेटोक्लोप्रमाइड (पोट लवकर रिकामं करणारी गोळी) १० मिलिग्रॅम देतात. पण पोट फुगलंय, कळा येतात, वारा सरत नाही, अशा वेळी ती गोळी देऊ नका, आतडं अडकलेलं असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. ऑनडान्सेट्रॉन किमोच्या उलटीवर चांगलं, पण रोज घेतलं की शौच घट्ट होते.

पुदुच्चेरीच्या जिपमर या सरकारी वैद्यकीय संस्थेत किमो चालू असलेल्या पेशंटना रोज ओलान्झापिन २.५ मिलिग्रॅम देऊन पाहिलं. भूक आणि वजन दोन्ही सुधारलं, निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले. डॉक्टरांकडे या गोळीचा विषय काढा. ‘ही तर डोक्याच्या आजाराची’ असं कुणी म्हणालं तरी घाबरू नका. तिने झोप येते, म्हणून रात्री घ्यायची, आणि पहिले काही दिवस उठताना कुणीतरी हाताला धरायचं.