आठ कोटींचा सुपरकॉम्प्युटर आणि एशियन पेंट्स

पावसाळा ओसरून सोसायट्यांच्या ग्रुपवर रंगकामाची कोटेशनं फिरायला लागली की ठाण्यापासून पनवेलपर्यंत एक फॉरवर्ड हमखास येतो. मजकूर थोडक्यात असा: ‘एशियन पेंट्स ही रंगाची नाही, डेटाची कंपनी आहे. भारतात कोणी रंग बनवत नव्हतं तेव्हा, १९४२ साली, चोक्सी कुटुंबाने गॅरेजमध्ये तिची सुरुवात केली. १९७० मध्ये, इस्रोच्या दहा वर्षं आधी, त्यांनी आठ कोटींना सुपरकॉम्प्युटर घेतला. कुठल्या दुकानात कुठला रंग किती खपणार हे त्याला आधीच कळायचं. त्याच्याच जोरावर कंपनी पहिल्या क्रमांकावर गेली आणि आजही ती त्याच घराण्याकडे आहे.’ खाली तिरंगा, आणि अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा.

अभिमान वाटायला काहीच हरकत नाही. पण यात कंपनीचं नाव, १९४२ हे साल आणि ते गॅरेज सोडलं तर सरळ उभं राहणारं फारसं काही नाही.

आधी सुपरकॉम्प्युटर. भारतात पहिला सुपरकॉम्प्युटर आला तो १९८८-८९ च्या सुमारास, क्रे एक्स-एमपी, दिल्लीत, हवामानाच्या अंदाजासाठी. तोसुद्धा अमेरिकेशी सरकारी पातळीवर लांबलचक वाटाघाटी करून. अमेरिका देताना इतकी हात आखडत होती म्हणून तर पुण्यात सी-डॅक हे सरकारी संगणक संशोधन केंद्र उभं राहिलं आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. भारत सरकारला ऐंशीच्या दशकात जे यंत्र नाकदुऱ्या काढून मिळालं, ते १९७० मध्ये एका रंगाच्या कंपनीने दुकानातून आणावं तसं आणलं असेल का?

आता आठ कोटींचा हिशेब. १९६४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक बसला. देशातलं ते त्या वेळचं सगळ्यात मोठं यंत्र, अमेरिकी मदतीतून आलेलं, किंमत सुमारे १५ लाख डॉलर. रुपयाचा तेव्हाचा दर डॉलरला ४.७६, म्हणजे साधारण ७१ लाख रुपये. १९६६ च्या अवमूल्यनानंतरचा साडेसातचा दर लावला तरी सव्वा कोटीच्या आतच. आठ कोटींत असे सात आले असते! फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा आकडा कुठून काढला, देव जाणे.

‘इस्रोच्या दहा वर्षं आधी’ हे तर आणखी गमतीचं. इस्रोची स्थापना १५ ऑगस्ट १९६९ ची. फॉरवर्ड खरा मानला तर इस्रोकडे संगणक आला १९८० मध्ये. मग १९७५ चा आर्यभट्ट आणि १९७९ चं एसएलव्ही-३ या रॉकेटचं पहिलं उड्डाण काय लॉगटेबलवर झालं?

यातला खरा भाग असा, की संगणक लवकर वापरायला लागलेल्या मोजक्या भारतीय कंपन्यांमध्ये एशियन पेंट्सचं नाव येतं. पण ती पहिली नव्हे. मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे आयबीएम १४०१ आला तो १९६१ मध्ये. आणि तो काळ संगणकाला पायघड्या घालण्याचा नव्हताच. आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाविरुद्ध कर्मचारी संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या, स्वयंचलनाचा विचार करायला सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची समिती नेमली होती. अशा दिवसांत खासगी कंपनीने संगणक घ्यायचा ठरवणं हे धाडसाचं होतं. ते सांगायला ‘सुपर’ची गरज नाही.

बरं, त्या यंत्राला दुकानादुकानातलं भविष्य कळायचं का? तेव्हा ना इंटरनेट, ना दुकानात बारकोड. ट्रंक कॉल लावून तासभर वाट बघायची. आकडे कागदावर यायचे, भोकं पाडलेल्या पंच कार्डांवर चढायचे, मग यंत्र बेरजा करायचं. पण रंगाच्या धंद्यात त्या बेरजांनाही मोल होतं, आणि ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. आज दुकानदार पांढऱ्या बेसमध्ये मशीनने रंगद्रव्य सोडून हवी ती छटा डोळ्यांसमोर करून देतो. टिंटिंग मशीन येण्याआधी प्रत्येक छटा कारखान्यातूनच डब्यात भरून यायची. समजा एका ऑइलपेंटच्या ३० छटा आणि सात मापं, तर एकाच मालाचे २१० वेगवेगळे डबे झाले. त्यातला कुठला दसऱ्याच्या आधी संपणार आणि कुठला होळीपर्यंत गोदामात धूळ खाणार, यावर कंपनीचा पैसा अडकायचा किंवा सुटायचा. मागच्या वर्षीचा खप महिन्यागणिक, डेपोगणिक समोर असणं म्हणजे निम्मी लढाई. हे काम हिशेबनीसाचं, ज्योतिषाचं नव्हे.

आणि सगळ्यात मोठी अडचण तारखेची आहे. एशियन पेंट्स देशातली सगळ्यात मोठी रंगकंपनी झाली १९६७ पर्यंत. फॉरवर्डमधला संगणक आला १९७० मध्ये. परिणाम आधी आणि कारण मागाहून, असं कसं?

पहिला क्रमांक आला तो वेगळ्या वाटेने. जुन्या, इंग्रजी वळणाच्या कंपन्या मोठ्या शहरांतल्या घाऊक वितरकांवर विसंबून होत्या. एशियन पेंट्सने घाऊकवाल्याला वगळून थेट किरकोळ दुकानदार गाठला आणि लहान गावांत, लहान डबे घेऊन गेली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला शेतकऱ्याला चमचाभरच रंग लागतो, हे ओळखून छोटी पॅकिंग काढल्याची गोष्ट कंपनीच्या इतिहासात सांगितली जाते. चुना आणि महाग प्लास्टिक पेंट यांच्यामधली जागा ट्रॅक्टर डिस्टेंपरने भरली. १९५४ मध्ये व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला गट्टू, हातात ब्रश घेतलेला खट्याळ मुलगा, डब्यावर आला, आणि वाचता न येणाऱ्यालाही डबा ओळखता यायला लागला.

‘भारतात कोणी रंग बनवत नव्हतं’ हे एका ओळीत निकालात निघतं: हावड्याला शालिमार पेंट्स १९०२ पासून आहे, आणि आजच्या नेरोलॅकचं मूळ १९२० मध्ये लोअर परळला निघालेल्या कंपनीत आहे. १९४२ मध्ये घडलं ते इतकंच, की युद्धामुळे परदेशी रंगांची आयात आटली आणि नव्या माणसाला शिरायला फट मिळाली.

‘रंगाची नाही, डेटाची कंपनी’ म्हणणाऱ्यांपैकी निम्मे तरी ठाणे-बेलापूर रोडने रोज कामाला जात असतील. याच पट्ट्यात, तुर्भ्याला, या कंपनीचं संशोधन केंद्र आहे. रंग भिंतीला धरून ठेवणारं रेझिन, रंगद्रव्य, कोकणच्या पावसात पापुद्रा न सुटणारा बाहेरचा रंग, हे सगळं रसायनशास्त्र आहे. ते कच्चं असेल तर खपाचा अंदाज कितीही अचूक असो, दुसऱ्या पावसाळ्यात गिऱ्हाईक दुकानदाराच्या दारात उभं राहतं.

राहिलं घराणं. गिरगावच्या गायवाडीतल्या त्या गॅरेजात चौघे होते: चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील. दोन्ही चोक्सींची कुटुंबंही वेगवेगळी. १९९७ मध्ये चंपकलाल यांचे चिरंजीव अतुल चोक्सी कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांच्याकडचा नऊ टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा आयसीआय या ब्रिटिश कंपनीकडे जाण्याची वेळ आली. म्हणजे घरातलं भांडण थेट प्रतिस्पर्ध्याला आत घेऊन येणार होतं. उरलेल्या तिन्ही कुटुंबांनी ते होऊ दिलं नाही. शेवटी आयसीआयला माघार घ्यावी लागली आणि तो हिस्सा प्रवर्तक कुटुंबं आणि युनिट ट्रस्ट हा म्युच्युअल फंड यांच्यात वाटला गेला. अतुल चोक्सींकडे राहिली अ‍ॅपकोटेक्स, मुळात एशियन पेंट्सचाच एक विभाग. तिचा कारखाना तळोजा एमआयडीसीत आहे, आणि तिथे बनतं सिंथेटिक लेटेक्स, म्हणजे रबराच्या चिकासारखं कृत्रिम द्रव्य, जे रंगाच्या धंद्यातही लागतं.