फियाट, आतून आणि मागून

पहिल्या गाडीची आठवण निवृत्त माणसाला विचारू नये. विचारायचीच झाली, तर नवरा-बायको एकत्र बसलेले असताना मुळीच विचारू नये. काका म्हणतात, "आमची फियाट म्हणजे राणी होती, राणी!" काकू चहाचा कप खाली ठेवतात आणि म्हणतात, "होती ना. पालखीतून हिंडायची. भोई आम्ही."

दोघंही खरंच बोलत असतात. एकाने ती गाडी आतून पाहिलेली असते, दुसरीने मागून. काकांना गाडी म्हटलं की स्टिअरिंग आठवतं. काकूंना आठवते डिकीची कड, दोन तळहात, आणि "अजून थोडं जोरात!" ही आतून आलेली सूचना.

माझी पंचाईत वेगळी आहे. मला या गाडीच्या पोटातलं बऱ्यापैकी ठाऊक आहे. त्यामुळे काका आठवण सांगायला लागले की मला त्या आठवणीत बिघडलेला पार्ट दिसायला लागतो. खुलासा करावा तर काका दुखावतात, गप्प बसावं तर काकू माझ्याकडे फुटलेल्या साक्षीदाराकडे बघावं तसं बघतात. असा प्रसंग दर लग्नात, बारशात आणि सोसायटीच्या गणपतीत येतो. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

तर ही गाडी कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेली, मूळची इटलीची फियाट ११००. साठच्या दशकात ती डिलाइट होती, सत्तरच्या दशकात आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. कंपनीने नाव काहीही बदललं तरी लोकांनी शेवटपर्यंत तिला फियाटच म्हटलं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गाडी हवी असेल तर अनामत भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. वापरलेली गाडी लगेच मिळते आणि नवीला नंबर लागतो, म्हणून नवी गाडी शोरूमबाहेर आली की जुनी होऊन महाग व्हायची. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनीही त्या काळात फियाट विकून नफा कमावला असेल, पण ते शिकवताना बोलत नसत.

एवढी वर्षं थांबून गाडी दारात आली, की पहिले हजार-दीड हजार किलोमीटर ती ताशी चाळीस-पन्नासच्या वर न्यायची नाही. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत नवीन असताना खरबरीत असतात. त्या सावकाश घासून एकमेकींना बसाव्या लागतात, घाई केली तर भिंतीवर ओरखडे पडून गाडी जन्मभर ऑइल पिते. त्यामुळे "आमची गाडी काय पळायची!" हे वाक्य किमान पहिल्या वर्षापुरतं तरी खोटं धरावं.

आता सकाळची गोष्ट. काका म्हणतात, "सेल्फ मारला की एका दमात चालू." थंडीत चोक ओढायचा, म्हणजे कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त आणि हवा कमी असं मिश्रण देतो, आणि सेल्फ मारायचा. इथवर ठीक. पण एका दमात चालू झाली नाही की काका अ‍ॅक्सिलरेटर पंपासारखा दाबत सुटायचे. प्रत्येक दाबाला कार्ब्युरेटर पेट्रोलची एक पिचकारी आत मारतो. प्लग ओले होतात, ओल्या प्लगवर ठिणगी पडत नाही, आणि सगळ्या वाड्यात पेट्रोलचा वास सुटतो. त्याला "ओव्हरफ्लो झाली" म्हणत. उपाय सोपा होता. चोक आत ढकलायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरायचा, पंप करायचा नाही, आणि आठ-दहा सेकंद सेल्फ मारायचा. हवा भरपूर जाते आणि प्लग सुकतात. नाहीतर दहा मिनिटं गप्प बसायचं. पण शेजारी गॅलरीत उभे असताना दहा मिनिटं गप्प बसेल तो गाडीमालक कसला! तो सेल्फ मारत राही, बॅटरी उतरे, आणि मग घरातून मंडळींना हाक जाई.

धक्कास्टार्ट ही शास्त्रशुद्ध क्रिया आहे. चावी चालू ठेवायची, क्लच दाबायचा, दुसरा गिअर टाकायचा. पहिला टाकला तर क्लच सोडताच इतका जोराचा झटका बसतो की गाडी थांबते आणि मागचे लोक डिकीवर आपटतात. तिसऱ्यात इंजिन पुरेसं फिरत नाही. गाडी माणसाच्या पळत्या वेगाला आली की क्लच झटकन सोडायचा, इंजिनाने खोकला काढला की लगेच पुन्हा दाबायचा. बॅटरी अगदीच मेलेली असेल तर धक्का मारून काही होत नाही, कारण ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइललाच करंट नसतो. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतोय का, एवढं बघितलं की कळतं. हा दिवा आतून दिसतो, मागून दिसत नाही. चावी चालू करायला विसरून कितीदा गल्लीच्या टोकापर्यंत धक्का मारून घेतला गेला, याची नोंद कुठेच नाही. काकूंच्या डोक्यात मात्र आहे, तारीखवार.

आणि गाडी चालू झाली तरी हाल संपत नसत. आता थांबवली तर बंद पडेल, म्हणून काका हळूहळू पुढेच जात राहायचे आणि धक्का मारणाऱ्यांनी चालत्या गाडीत चढायचं. नऊवारी असो की पाचवारी. त्यात फार जुन्या फियाटचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. चालत्या गाडीत पळत येऊन चढणाऱ्याला तो दरवाजा समोरून आडवा यायचा.

घाटातल्या आठवणी सगळ्यात गोड असतात, कारण तिथे डबे उघडायचे. बोरघाट असो, खंबाटकी असो, "गाडी जरा दमायची, आम्ही झाडाखाली बसायचो" असं काका सांगतात. गाडी दमत नव्हती. पेट्रोलचा पंप इंजिनालाच बोल्टने बसवलेला असे आणि कॅमशाफ्ट या इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या धक्क्यावर चालत असे. टाकी मागे, पंप पुढे, म्हणजे पेट्रोल ओढून आणायचं. ओढलं जाणारं पेट्रोल कमी दाबाखाली असतं आणि कमी दाबाखालचं पेट्रोल लवकर उकळतं. चढावर गिअर खालचा, इंजिन जोरात, वारा कमी. पंप तापतो, नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच हलवत बसतो. कार्ब्युरेटर कोरडा पडला की गाडी दोन गचके देऊन उभी. हाच व्हेपर लॉक. ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं, बॉनेट उघडं ठेवायचं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी संपायला साधारण तेवढीच वेळ लागते. फडकं मात्र बहुधा मुलाचं दुपटं असायचं, हा तपशील काकूंकडून मिळतो.

रेडिएटर उकळला तर प्रकरण गंभीर. झाकण लगेच उघडायचं नाही, कारण आत पाणी दाबाखाली असतं आणि दाब सुटताच फवारा तोंडावर येतो. इंजिन जरा निवू द्यायचं, जाड कापड धरून झाकण अर्धंच फिरवायचं, फुसफुस थांबली की पूर्ण काढायचं. पाणी थोडं थोडं, इंजिन चालू ठेवून ओतायचं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, तडा जाऊ शकतो. हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं की पाणी ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल मोजायच्या सळईवर, डिपस्टिकवर, पांढुरका फेस दिसायला लागतो. तो दिसला की सहल संपली असं समजायचं.

रेडिएटर गळत असेल तर त्यात हळद टाकायची, हे ज्ञान त्या पिढीत सर्वांनाच होतं. हळद फुगून भोक बुजतं, हे खरं. पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते, त्यामुळे पुढच्या घाटात गाडी आणखी लवकर उकळते, आणि मग आणखी हळद! पेट्रोलच्या टाकीला भोक पडलं तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासून बसवायची. हा उपाय मात्र अस्सल, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. माझं मत विचाराल तर घरच्या मसाल्याच्या डब्यापेक्षा मोरीतल्या साबणावर जास्त भरवसा ठेवावा.

सतत तापते म्हणून मेकॅनिक थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून फेकून द्यायचे, हा एक राष्ट्रीय कार्यक्रम होता. थर्मोस्टॅट नसला की इंजिन तापायला वेळ लागतो आणि तोवर पेट्रोल जास्त जळतं. त्यामुळे "आमची एका लिटरला अठरा द्यायची" हा दावा ऐकला की मी पंख्याकडे बघतो. शहरात दहा-बारा मिळाले तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती होती. अठराचा आकडा काटा खालीवर नाचणाऱ्या पेट्रोल मीटरने दिलेला असतो.

पावसाळा वेगळाच. प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरली की ठिणगी प्लगपर्यंत न जाता टोपीतच भलतीकडे पळते. टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसली की गाडी चालू. जाणकार लोक त्यावर दुधाची प्लास्टिकची पिशवी बांधत. आतले पॉइंट, म्हणजे विजेची उघडझाप करणारे संपर्क, जळले असतील तर पॉलिश पेपरने घासायचे आणि गॅप ठेवायची, साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. गॅप मोजायचा फीलर गेज नसला की व्हिजिटिंग कार्डाने काम भागवलं जाई. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. साचलेल्या पाण्यातून गेलं की ड्रममध्ये पाणी शिरून ब्रेक लागतच नसत. पाण्यातून बाहेर पडल्यावर पेडल हलकं दाबून धरत थोडं अंतर सावकाश जायचं, घर्षणाच्या उष्णतेने पाणी उडून जातं. पायाखालच्या मॅट सुकवायला मात्र कोणी उचलत नसे. त्यांच्याखाली पत्रा सडायचा आणि एक दिवस रस्ता दिसायला लागायचा.

गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, डाव्या हाताशी. पुढची सीट सलग, त्यामुळे पुढे तिघं आरामात, चौथं मूल मांडीवर. तिथून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या लांब जोडदांड्यांच्या सांध्यांतले बुश झिजले की गिअरचा दांडा दोन गिअरच्या मध्ये अडकायचा, आणि तोही सिग्नल हिरवा झाल्यावरच. मग बॉनेट उघडून हाताने सांधे हलवून सोडवायचे. काका याला "गाडीशी नातं" म्हणतात. मागच्या बसवाल्याचा शब्द वेगळा असायचा, तो इथे छापता येत नाही.

या सगळ्यात एकच काम असं होतं ज्यात काकू स्टिअरिंगवर आणि काका जमिनीवर असत. ब्रेकची हवा काढणे. पेडल स्पंजासारखं दबायला लागलं की नळीत हवा शिरली असं समजायचं. पेडलशी जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, आपल्याकडे म्हणजे मागचं डावं. चाकाजवळच्या हवा सोडायच्या तोटीला, म्हणजे ब्लीडर निपलला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचं. मग गाडीखालून हुकूम येतात. "दाब!" काकू दाबतात. काका निपल अर्धा आटा सैल करतात, बुडबुडे निघतात. "धरून ठेव!" काका निपल आवळतात. "आता सोड!" बुडबुडे थांबेपर्यंत हे चालवायचं आणि मधेमधे वरची ऑइलची बाटली भरत राहायची, ती रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरू. बाटलीतलं जुनं ऑइल पुन्हा वापरायचं नाही आणि रंगावर सांडू द्यायचं नाही, रंग सोलून निघतो. निपल आवळायच्या आधी पेडल सोडलं तर हवा पुन्हा आत जाते. काकूंनी ते कधी सोडलं नाही. सोडायला लावायचे ते काका, निपल आवळण्याआधी "सोड" म्हणून. पण हा भाग आतून आणि मागून दोन्हीकडच्या आठवणींत सापडत नाही, कारण तेव्हा दोघांचीही जागा बदललेली असते.

२००० च्या आसपास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईत ती काळीपिवळी टॅक्सी म्हणून टिकून राहिली. शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. ते बहुतेक आत बसणाऱ्यांनी लिहिलेले होते.

आता पन्नास वर्षं ओलांडलेली मोटार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदवता येते, त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या काही फियाटी थेट म्हातारपणातून मानाच्या पंक्तीत जाऊन बसल्या आहेत. अशी एखादी घ्यायचा मोह झालाच तर लोहचुंबक बरोबर न्या. दरवाजाखालची पट्टी, चाकावरच्या कमानी आणि डिकीचा तळ, इथे चुंबक चिकटला नाही तर रंगाखाली पत्रा नसून लांबी (पुट्टी) आहे. साइलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, सिलिंडर आतून कोरून घ्यायचा, म्हणजे बोअरचा, खर्च धरा. याआधी किती वेळा बोअर झालंय तेही विचारा, कारण साठ थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गेलेल्या ब्लॉकला पुढे स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळीच, घालावी लागते. सुटे भाग मुंबईत ऑपेरा हाउसला, पुण्यात नाना पेठेत विचारावेत. दुकानात जुना पार्ट हातात धरूनच उभं राहायचं, नावाने मागितला तर दुसराच मिळतो.

आणि जुन्या गाड्यांच्या रॅलीच्या दिवशी ती चालू होणार नाही, हे गृहीत धरा. धक्का मारणाऱ्यांनी हात डिकीच्या कडेवर किंवा खिडकीच्या खांबावर ठेवावेत, पत्र्याच्या मधोमध ठेवले तर तळहाताएवढा खड्डा पडतो. काकांना मागे उभं करा आणि स्टिअरिंगवर काकूंना बसवा. क्लच कधी सोडायचा ते त्यांना बरोबर कळतं.