फ्लेक्सवर नक्की काय लिहायचं?

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण झालं, तेही फ्लेक्सच्या मजकुरावरून. ठाण्यात फ्लेक्स लागल्याशिवाय काही घडलंय असं कोणी मानत नाही, त्यामुळे तो लागणार हे ठरलेलंच. खजिनदारांनी मजकूर टाकला: 'सर्वोच्च न्यायालयाचा आपल्या सोसायटीच्या बाजूने ऐतिहासिक निकाल!' मी लिहिलं, असा निकाल दिलेलाच नाही. झालं! पहिल्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "तुम्ही बिल्डरकडून आहात का?"

नाही हो काका. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

पाचपाखाडीत आमची २८ घरांची इमारत. बिल्डर कन्व्हेयन्स देईना, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देईना, म्हणून आम्ही डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे त्याच्या सहीशिवाय ती नावावर व्हावी यासाठी, अर्ज केला. जिल्हा उपनिबंधकांचा आदेश आमच्या बाजूने आला. बिल्डर हायकोर्टात गेला, तिथे हरला आणि दिल्लीला गेला. आम्ही आधीच कॅव्हेट लावलं होतं, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असं कोर्टाला कळवलं होतं. घरटी पाच हजार काढून दिल्लीत वकील दिला. सुनावणीच्या दिवशी जिन्याखालच्या ऑफिसात, माझ्या मुलीच्या लॅपटॉपसमोर आम्ही सातजण साडेदहापासून ठाण मांडून. आयटम नंबर ४३. तोवर दोनदा चहा झाला. नंबर पुकारला, समोरचे सीनियर वकील चार वाक्यं बोलले, दोघांपैकी एका न्यायमूर्तींनी कागदांवरून मान वर केली, 'डिसमिस्ड' म्हणाले आणि ४४ पुकारला गेला. आमचे चेअरमन खाली कप ठेवून आले आणि दारातूनच विचारते झाले, "सुरू झालं का?"

बिल्डरने दिल्लीत केलं ते अपील नव्हतंच. अपील करायची परवानगी द्या, असा तो अर्ज होता. त्यालाच वकील मंडळी एसएलपी (स्पेशल लीव्ह पिटिशन) म्हणतात, राज्यघटनेचं कलम १३६. कोर्टाने परवानगी नाकारली, एवढंच. कारण न देता नाकारली, तर हायकोर्टाच्या निकालावर सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब झालं असं होत नाही, हे याच कोर्टाने २००० साली कुन्हायम्मद खटल्यात सांगून ठेवलंय. कलम १४१ प्रमाणे देशभर बंधनकारक होतो तो सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा. आमच्या बाबतीत त्यांनी कायदा काही सांगितलाच नाही. जिंकलो आपण हायकोर्टात. दिल्लीने फक्त दार उघडलं नाही.

आणि ते उघडलं नाही हेच मला फार आवडलं.

१९५० साली हे कोर्ट सुरू झालं तेव्हा सरन्यायाधीश धरून न्यायाधीशांची आठ पदं होती. २०१९ साली मंजूर पदं ३४ झाली, तरी तुंबलेली प्रकरणं ८० हजारांच्या वर. अमेरिकेत नऊच्या नऊ न्यायाधीश एकत्र बसून प्रकरण ऐकतात. आपल्याकडे एका वेळी डझनभर कोर्टरूममध्ये दोन-दोन, तीन-तीन जणांची पीठं बसलेली असतात. घटनेचा अर्थ लावायचा मोठा प्रश्न आला की किमान पाच जण लागतात. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तर १३ जण बसले आणि ७ विरुद्ध ६ असा निकाल झाला. संसद घटना बदलू शकते, पण तिचा मूळ ढाचा मोडू शकत नाही, हे आपण आज गृहीत धरतो, ते त्या एका मताच्या फरकावर आलंय. ज्या कोर्टाचं हे काम, त्याच्यासमोर पाचपाखाडीतल्या गच्चीचा आणि पार्किंगचा वाद कशाला हवा? बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटलं ते कलम ३२ ला, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात जायच्या हक्काला. १३६ ला नव्हे.

परवा माझा वकील मित्र म्हणाला, सुप्रीम कोर्टाचं एक पीठ मुंबईत आणा, सगळं सोपं होईल. मागणी जुनी आहे. २००९ साली विधी आयोगानेही घटनापीठ दिल्लीत आणि अपिलांसाठी चार विभागीय पीठं, त्यातलं एक मुंबईत, असं सुचवलं होतं. कलम १३० मध्ये तशी सोयही आहे. राष्ट्रपतींची मान्यता घेऊन सरन्यायाधीश दिल्लीबाहेर कोर्ट बसवू शकतात. न्यायाधीशांनीच ते वेळोवेळी नाकारलं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं तेव्हा मलाही आनंद झाला, कारण सिंधुदुर्गातल्या माणसाला हायकोर्टासाठी मुंबई गाठायला लावणं हा अन्यायच होता. हायकोर्ट दाराशी हवंच.

पण सुप्रीम कोर्टही दाराशी आणलं, तर आमचा बिल्डर विमानाऐवजी लोकलने जाईल, एवढाच फरक. उलट आज जे लोक खर्चाला घाबरून थांबतात तेही जातील. (मीही गेलो असतो. पार्किंगसाठी नक्की गेलो असतो.) आठाचे चौतीस करूनही ढीग हलला नाही, तो आणखी खुर्च्या मांडून हलेल असं मला वाटत नाही. दोन हायकोर्टांनी एकाच कायद्याचे दोन अर्थ लावले, किंवा कोणाच्या जिवाचा, स्वातंत्र्याचा प्रश्न आला, तरच १३६ चं दार उघडावं. बाकीच्यांचं हायकोर्टातच संपू दे. हायकोर्ट चुकलं तर? चुकेल कधीकधी. वर जाऊनही माणसंच बसलेली आहेत.

असो. फ्लेक्स काल लागला. 'ऐतिहासिक' शब्द राहिला, 'निकाल'ही राहिला. सुप्रीम कोर्टाच्या घुमटाचा फोटो मधोमध, आणि कोपऱ्यात स्थानिक नेत्यांचा, त्यांचा या सगळ्याशी काय संबंध ते विचारू नका. माझं नाव 'सौजन्य' खाली टाकलंय. प्रॉपर्टी कार्डावर मात्र अजून बिल्डरचंच नाव आहे. सोमवारी कागद घेऊन सिटी सर्व्हेला जायचंय, कोणी येतंय का सोबत?