जुनी कडबाकुट्टी किलोवर घालण्याआधी

भंगाराचा टेम्पो गावात आला की कुणाची ना कुणाची जुनी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कडबा कापायची कुट्टी मशीन त्यात चढते. कारण ठरलेलं, "कंपनीच बंद पडली, पार्ट मिळत नाय." मला हे पटत नाही. पार्ट मिळतो, आपण विचारतो चुकीच्या दुकानात.

बेअरिंग काही मशीनच्या कंपनीनं घरी बनवलेलं नसतं. कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ असेल तर शेवटच्या ०५ ला पाचानं गुणा, आतलं भोक २५ मिमी. ६२०६ चं ३०. नंबर घासून गेला असला तरी भोक, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून तालुक्याच्या बेअरिंगवाल्याकडे जा. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं मागा, कडब्याचा भुसा पत्र्याच्या सीलला दाद देत नाही. पट्ट्याचंही तसंच. बी-५२ म्हणजे वरून १७ मिमी रुंद, आतून ५२ इंच लांब, मग मशीन कुठलीही असो. हाच पट्टा मशीनच्या डीलरकडे 'ओरिजिनल' होतो आणि भाव वाढतो.

बऱ्याच मशीनला तर पार्ट लागतच नाही. मालदांडी ज्वारीचं धाट कापायच्या जागी चेंगरायला लागलं की लोक म्हणतात मोटर कमी पडतेय, आणि दोनाच्या जागी तीन एचपी बसवतात. अरे, आधी पाती बघा! धार फक्त तिरक्या बाजूनं लावायची, सपाट पाठीला दगड लावायचा नाही. घाईत ग्राइंडर दाबला आणि पातं निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, मग धार टिकत नाही. दोन्ही पाती तराजूत घालून सारख्या वजनाची ठेवा, नाहीतर चाक थरथरतं आणि नवं बेअरिंगही खातं. शेवटी पट्टा काढून, चाक हातानं हळू फिरवून, पातं आणि खालच्या पट्टीमध्ये साधा कागद धरून बघा. कापला तर गाळा, म्हणजे दोघांमधली फट, बरोबर. बोटं लांब ठेवा.

दोन ठिकाणी मात्र चिकटपणा नको. जळालेली मोटर भरायची तर तांब्याच्याच तारेनं. आणि दुसरं, पेंढी आत ओढणारा रोलर उलटा फिरवायचा दांडा. तो सटकतो म्हणून तारेनं बांधून ठेवलेल्या मशीन मी पाहिल्यात. पेंढीबरोबर हात आत ओढला गेला तर त्या दांड्याशिवाय दुसरं काही हाताशी नसतं. लेथवाल्याकडून त्याची खाच भरून घ्या, दुसरा खर्च थांबवा.

अनुदानावर नवी मिळते, ठाऊक आहे. मिळाली तर जरूर घ्या, पण जुनी विकून नको. पातळ पत्र्याची बॉडी आणि बिडाची बॉडी यात मी तरी बीड निवडेन.

आता माझं काम. वरचा दातेरी रोलर हवाय, तोंड नऊ इंची, शाफ्ट २५ मिमी. दात थोडे झिजलेले चालतील, तडा गेलेला नको. सांगोला-मंगळवेढ्याकडे कुणाच्या गोठ्यामागं पडला असेल तर फोटो टाका.